पहिल्या कपाबाबत खुलासा

आदरणीय थोरल्या मेहुणीबाईंस,

प्रभूच्या नावाने आदरपूर्वक सलाम. मी येथे सुखरूप असून माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य पत्रारंभी रिवाज म्हणून लिहिले जाते आणि रिवाज म्हणूनच वाचले जाते. या पत्रात मात्र ते पुरावा म्हणून घातले आहे, तरी कृपया पुन्हा एकदा वाचावे.) आपल्या उजव्या गुडघ्याची विचारपूस करतो. डाव्या गुडघ्याने मागील पत्रापर्यंत तरी आपल्याला दगा दिलेला नव्हता. तो आजही त्याच निष्ठेने उभा असेल अशी आशा बाळगतो. रक्तदाबाचा आकडा आपण या खेपेस कळवला नाही, त्यावरून तो कळवण्याजोगा नसावा असे अनुमान काढून मी चिंतेत आहे.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या भाचीने, म्हणजे माझ्या कन्येने, आपणास दूरध्वनी करून माझ्यासंबंधी चार बातम्या दिल्याचे समजते. पप्पांनी बोलणे सोडले. पप्पांनी मिशी उतरवली. पप्पांनी खालच्या मजल्यावर पाणी सोडले. आणि पप्पा रोज सकाळी भरला कप हातात धरून जिना उतरताना दिसतात. या चारही बातम्या खऱ्या आहेत. फक्त त्या ज्या क्रमाने आणि ज्या आवाजात सांगितल्या गेल्या, तो क्रम आणि तो आवाज यांना माझी हरकत आहे. येत्या एक तारखेला आपण येथे येणार, आठ दिवस राहणार, आणि हा मनुष्य एकटा राहण्यास लायक आहे किंवा कसे याचा निकाल देणार, हे मला मान्य आहे. निकाल माझ्याविरुद्ध गेल्यास घराच्या किल्ल्या घरमालकाच्या हाती आणि मी कन्येच्या हाती, असे आपणा तिघांत ठरलेले आहे. कन्येच्या घरी मला स्वतंत्र खोली आहे, खोलीला खिडकी आहे, खिडकीत ऊन येते. तक्रारीस जागा नाही. परंतु येथील स्वयंपाकघरातल्या कपाटाचे दार बंद राहत नाही म्हणून आपल्या धाकट्या बहिणीने, म्हणजे माझ्या पत्नीने, त्याला एक निळी फीत बांधून ठेवली आहे. ती गाठ तिची आहे. ती सोडून, गुंडाळून, खोक्यात भरून दुसऱ्या घरी न्यावी, हे काही माझ्याच्याने व्हायचे नाही. म्हणून निकालापूर्वी आरोपीचे म्हणणे ऐकून घ्यावे, इतकीच या पत्रामागील विनंती. (खरी विनंती निराळी आहे. तिच्याकडे यथावकाश येतो.)

आपणास ठाऊक आहेच की मी चौतीस वर्षे पाणीपुरवठा कार्यालयाच्या पत्रव्यवहार शाखेत मसुदे लिहिण्यात घालवली, आणि घरात देवाशी चालणारा सर्व पत्रव्यवहार तिच्याकडे होता. आमची कामाची वाटणी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच झाली: प्रार्थना तिची, आमेन माझे. अडतीस वर्षांत मी एकही आमेन चुकवले नाही. (एकदा जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत ती श्वास घेण्यास थांबली असता मी घाईने आमेन म्हटले. ते मुदतपूर्व ठरवण्यात येऊन मला सर्वांसमक्ष पुन्हा म्हणावे लागले. त्या दिवशी पंगतीला आपणही होता, आणि हसण्यात आपला आवाज सर्वांत मोठा होता, हे मी विसरलेलो नाही.) ती प्रभूकडे गेल्याला आता आठ महिने झाले. या आठ महिन्यांत माझ्यापाशी आमेन तेवढे शिल्लक उरले होते. त्याच्या आधी यायचे ते सगळे ती बरोबर घेऊन गेली. मी ताटापुढे बसत असे, आमेन म्हणत असे आणि घास घेत असे. खाली सही आहे आणि वर मजकूरच नाही, असा कागद मी नोकरीत कधी कोणाला पुढे पाठवू दिला नव्हता. येथे रोज तीन पाठवत होतो.

अशा अवस्थेत गेल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी उपदेश केला की, देवाला प्रत्येक गोष्टीत प्रथम स्थान द्या. दिवसाचा पहिला शब्द त्याचा, पहिला घास त्याचा, कोणत्याही कामाचा पहिला क्षण त्याचा. इतर मंडळींनी तो उपदेश म्हणून ऐकला आणि उपासनेनंतर चप्पल शोधता शोधता विसरून टाकला. मी तो परिपत्रक म्हणून ऐकला. परिपत्रक मिळाल्या दिवसापासून अमलात येते, हे मला शिकवण्याची गरज नाही. मात्र अंमलबजावणीच्या सूचना सोबत जोडलेल्या नव्हत्या, म्हणून सोमवारी सकाळी साडेसहा वाजता मी खुलासा मागण्यासाठी पाळकसाहेबांच्या दारात उभा राहिलो. ते दात घासण्याचा ब्रश तोंडात धरूनच बाहेर आले. मी विचारले, प्रथम म्हणजे नेमके किती वाजता, आणि एकाच वेळी दोन कामे निघाल्यास प्राधान्य कसे ठरवावे? त्यांनी फेस आवरून उत्तर दिले, “अहो, मनापासून करा म्हणजे झालं!” मनापासून या शब्दाची व्याख्या त्यांनी दिली नाही, आणि माझे मन त्या काळात कोठे ठेवले होते ते मलाही सापडत नव्हते. तेव्हा मी ते कलम वगळले आणि उरलेले सर्व काटेकोरपणे राबवण्याचे ठरवले.

पहिला प्रश्न मसुद्याचा. सर्वश्रेष्ठ कार्यालयाकडे तोंडी, विस्कळीत, डोळे पुसत पुसत मागण्या पाठवणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून मी प्रार्थनेचा एक नमुना तयार केला. वरच्या बाजूस विषय (“आजच्या दिवसासाठी बळ मिळणेबाबत”), त्याखाली संदर्भ (“कालची सायंकाळची प्रार्थना, अद्याप अनुत्तरित”), त्यानंतर स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती, स्वतःसाठी मागणे, इतरांसाठी मागणे, संकीर्ण आणि समारोप असे सात परिच्छेद. सावकाश म्हटल्यास एकोणीस मिनिटे लागत. आपण हसाल, पण ताई, आठ महिन्यांनंतर माझ्या आमेनच्या वर प्रथमच काही मजकूर आला होता. त्या आनंदात मी पहिल्याच दिवशी “माहितीसाठी प्रत” असेही म्हणून टाकले, आणि मग प्रत कोणाला, हे न सुचल्यामुळे बराच वेळ घुटमळत राहिलो.

दिवसाचा पहिला शब्द देवाचा असल्याने, प्रार्थना पुरी होईपर्यंत मनुष्यमात्राशी बोलायचे नाही, हा नियम ओघानेच आला. मंगळवारी मी दुसऱ्या परिच्छेदात असताना दूधवाल्या बाईंनी घंटा वाजवली. दार न उघडणे हा उद्धटपणा आणि बोलणे हा नियमभंग, म्हणून मी दार उघडून, डोळे अर्धवट मिटलेले ठेवून, एक बोट आकाशाकडे केले. माझ्या मते याचा अर्थ सरळ होता: सध्या वरच्या कार्यालयाशी बोलणे चालू आहे, थोडे थांबा. बाईंनी दुधाची पिशवी टाकली आणि “आजोबांना झटका आला हो!” अशी आरोळी ठोकली. आमच्या बरोबर खालच्या घरात एक परिचारिका राहते; रुग्णालयातली रात्रपाळी संपवून ती बिचारी नुकतीच कुलूप उघडत होती, ती तशीच धावत वर आली. तिने माझ्या पापण्या उलटून पाहिल्या, दोन्ही हात वर करायला सांगितले (ते मी केले, प्रार्थनेत ते शोभून दिसते), आणि मग म्हणाली, “आता हसून दाखवा बरं!” मी त्या वेळी पापकबुलीच्या परिच्छेदात होतो. तेथे हसणे सर्वथा अनुचित. मी अधिकच गंभीर झालो. परिचारिकेने दूधवाल्या बाईंकडे पाहून मान हलवली आणि आपल्या भाचीला दूरध्वनी लावला. पुढील बारा मिनिटे एकीने माझी नाडी धरलेली, दुसरीने माझा खांदा धरलेला, आणि दूरध्वनीतून “पप्पा, काहीतरी बोला ना!” असा आक्रोश चाललेला, अशा स्थितीत मी उरलेले पाच परिच्छेद एकही न गाळता पूर्ण केले आणि खणखणीत आवाजात आमेन म्हटले. परिचारिकेने माझी नाडी सोडली. ती म्हणाली, “आजोबा, एवढंच होतं तर आधी सांगायला काय झालं होतं?” आधी सांगणे हाच तर नियमभंग झाला असता, हे मी तिला विषय आणि संदर्भासह समजावून देऊ लागलो, परंतु ती झोपायला निघून गेली. पहिल्या बातमीचा खुलासा येथे संपला.

आता मिशीबद्दल. कोणत्याही कामाचा पहिला क्षण देवाचा, या कलमानुसार बुधवारी मी केस कापणाऱ्याच्या खुर्चीत बसताच संक्षिप्त नमुना (तीन परिच्छेद) सुरू केला. त्याने साबण लावला, वस्तरा परजला, आणि मिशीची डावी कड सरळ करण्यास तो नेमका टेकला असता माझी प्रार्थना संपली व मी अडतीस वर्षांच्या सवयीने आमेनसाठी मान झुकवली. डावी मिशी तेथल्या तेथे सेवानिवृत्त झाली. कारागिराने वस्तरा पुसून बाजूला ठेवला. तो म्हणाला, “साहेब, उजवीचं काय करू? एकटी आहे बिचारी.” त्याला काही माहीत नव्हते, तो साधेच बोलला. पण मी म्हटले, एकटीला ठेवू नका, तिलाही जाऊ द्या. त्याच सायंकाळी कन्येने चेहरा दिसणारा दूरध्वनी केला, आणि मला पाहून “काका, जरा पप्पांना बोलावता का?” असे म्हणाली. चूक तिची नव्हे. मीही दुकानातून परतल्यावर आरशापुढे एका अनोळखी गृहस्थाला वाट करून देण्यासाठी बाजूला झालो होतो.

तिसऱ्या बातमीकडे वळण्यापूर्वी चौथीची सुरुवात सांगणे भाग आहे, कारण चहा नळाच्या आधी उकळतो. आपणास स्मरत असेल, मला सकाळी साडेसहाला चहा लागे आणि तो नेहमी सहा सदतीसला येई. सात मिनिटांचा हा उशीर मी अडतीस वर्षे रोज घड्याळ पाहून, विनोद म्हणून, तिच्या निदर्शनास आणत आलो. ती रोज एकच उत्तर देई: “तुमच्या आधी एकाचा नंबर आहे. दम धरा जरा.” मला वाटे, हा दुधाचा किंवा शेगडीचा काही भाग असावा. मी चौकशी केली नाही. नवऱ्याला चहा वेळेवर मिळणे महत्त्वाचे. उशिराची कारणे विचारली की उशीर वाढतो, हा माझा कार्यालयीन अनुभव.

तर परिपत्रकानुसार घरातील पहिले ते सर्व देवाचे. गुरुवारी मी चहाचा पहिला कप टेबलाच्या वरच्या अंगाला, तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर, देवासाठी ठेवला आणि दुसरा स्वतः घेतला. अर्ध्या तासाने तो पहिला कप तसाच होता, फक्त वर साय धरली होती. आता याचे काय करावे? मोरीत ओतणे हा अपमान, स्वतः पिणे हा अपहार, आणि तसाच ठेवावा तर मुंग्यांचे शिष्टमंडळ येऊ लागलेले. विचार करता करता मी तो गरम करून खाली नेला आणि इमारतीच्या पहारेकऱ्याला दिला. (हा साठीचा गृहस्थ. सर्वजण त्याला मिशीवाला म्हणतात. ज्याची मिशी कालच गेली त्याने अशा माणसासमोर उभे राहणे सोपे नसते.) त्याने एक घोट घेतला, कपात पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “साखर कमी आहे, साहेब. पण सुरू झालं हे बरं झालं.” काय सुरू झाले, हे मी विचारले नाही. खालच्या मजल्यावरून आलेल्या शेऱ्याची दखल त्याच दिवशी घ्यायची नसते, नाहीतर शेरे फार येतात.

पुढे गोष्ट वाढत गेली. पहिला कप म्हटला की पहिले बिस्कीटही आले. पावाचा पहिला तुकडा आला. अंडे एकच उकडले असेल तर ते पहिलेच ठरते, म्हणून मला दोन उकडावी लागू लागली. फण्यातले पहिले केळे गेले. वर्तमानपत्राचे पहिले पान मी सुटे करून खाली पाठवले, त्यामुळे देशात काय चालले आहे हे मला तीन आठवडे ठाऊक नव्हते; मला फक्त आतल्या पानांवरचे हवामान आणि शोकवार्ता मिळत. मिशीवाल्याने एकदा दबकत विचारले, “साहेब, देवाला कोडं सोडवायला आवडतं का? तेही आतल्या पानावर असतं.” मी सांगितले की परिपत्रकात कोड्याचा उल्लेख नाही.

आणि आता नळ. मागच्या शनिवारी दुपारी मी जेवणापूर्वीच्या प्रार्थनेस आरंभ केला (मोठा नमुना), तोच न्हाणीघरात फाट्दिशी आवाज होऊन नळाची तोटी भिंतीवर जाऊन आदळली आणि पाणी कारंज्यासारखे उडू लागले. मी डोळे मिटलेले असूनही हे सर्व कानांनी पाहिले. परिपत्रकाची खरी कसोटी ती हीच, असे मी मनाशी म्हटले. देव प्रथम, नळ नंतर. मी स्तुतीचा परिच्छेद थोडा वाढवलासुद्धा, कारण पाण्याच्या निर्मितीचा उल्लेख त्या वेळी अत्यंत समयोचित वाटला. उपकारस्तुतीपर्यंत पाणी बैठकीत आले. इतरांसाठी मागण्यापर्यंत ते माझ्या घोट्याला लागले. संकीर्णमध्ये माझी डावी चप्पल समोरून तरंगत गेली. बरोबर त्याच वेळी खालची परिचारिका, जिच्या छतातून, गादीवरून आणि उशीवरून आमचे पाणी वाहत होते, केसांतून पाणी निथळत दारात येऊन उभी राहिली. मी तिला हाताने थांबण्याची खूण केली. ताई, त्या मुलीच्या तोंडून जे निघाले ते मी जन्मभर विसरणार नाही. “देवाचा पहिला नंबर, मान्य!” ती ओरडली, “पण नळाला दुसरा तरी द्या ना, आजोबा!”

मी प्रार्थना तेथेच सोडली. आमेनही म्हटले नाही. (अडतीस वर्षांतले पहिलेच.) ती म्हणाली, मुख्य चावी कुठे आहे, ती बंद करा. ज्या माणसाने चौतीस वर्षे “नागरिकांनी आपल्या घरातील मुख्य चावीची जागा माहीत करून घ्यावी” हे वाक्य प्रत्येक सूचनेत लिहिले, तो घोटाभर पाण्यात उभा राहून आपल्याच घराची मुख्य चावी शोधू लागला. मी पुस्तकांच्या कपाटामागे पाहिले. मी पलंगाखाली पाहिले. चावी शोधायला म्हणून मी आपल्या बहिणीच्या शिवणाच्या डब्यातही पाहिले, ते कशासाठी हे मला आता सांगता येत नाही. एवढ्यात मिशीवाला विजार गुडघ्यापर्यंत दुमडून वर आला, सरळ स्वयंपाकघरात गेला, निळी फीत बांधलेले कपाट हळूच जरा बाजूला सरकवले (गाठीला धक्काही लागू दिला नाही), मागे हात घातला, आणि पाणी थांबले. मी विचारले, तुम्हाला हे कसे ठाऊक? तो म्हणाला, “बाईसाहेबांनीच दाखवलं होतं. म्हणाल्या, साहेबांना सांगितलं तर ते त्यावर पत्र लिहीत बसतील.”

मग आम्ही तिघे पाणी उपसत बसलो. परिचारिका बादली, मी तसराळे आणि मिशीवाला सूप, असे ज्याच्या हाती जे लागले ते. (सुपाने पाणी उपसता येत नाही, हे त्याला ठाऊक होते; त्याला फक्त निघून जायचे नव्हते.) तेथे, ओल्या जमिनीवर बसून, मी शेवटी एकदाचे विचारले, त्या दिवशी सुरू झालं म्हणालात, ते काय? तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी त्याला माझे स्वतःचे नाव विचारत आहे. “चहा हो, साहेब. पहिला कप. मी या दारावर आलो त्या दिवसापासून पहिला कप माझाच. माझ्या आधीचा पहारेकरी होता त्यालाही मिळायचा, तोच सांगून गेला मला. साडेसहाला बाईसाहेब कप घेऊन जिना उतरायच्या. बाईसाहेब गेल्या, चहा थांबला. तुम्ही आणून दिलात तेव्हा वाटलं, सांगून गेल्या असतील तुम्हाला.”

सांगून गेली होती, ताई. अडतीस वर्षे रोज सांगत होती. माझ्या आधी एकाचा नंबर आहे, म्हणून. मी घड्याळाकडे पाहत होतो.

पुढे तो म्हणाला की बाईसाहेब जिना उतरताना पुटपुटत यायच्या. दर पायरीला एक नाव. आमच्या जिन्याला चोपन्न पायऱ्या आहेत. त्याला अर्थात खालच्या दहा-बाराच ऐकू येत; तिथे त्याच्या बायकोचे नाव असे, त्याच्या दम्याचे असे, दूधवाल्या बाईंच्या म्हशीचेही असे. शेवटच्या पायरीवर कप त्याच्या हातात. “आणि मग आमेन,” तो म्हणाला, “तो मात्र मी म्हणायचो. तसं ठरलंच होतं आमचं. प्रार्थना त्यांची, आमेन माझा.”

माझी अवस्था काय झाली असेल याची कल्पना करावी. हे पद अडतीस वर्षे माझ्या एकट्याकडे आहे, अशा समजुतीत मी आयुष्य काढले. आणि तळमजल्यावर त्याच पदावर आणखी एक कर्मचारी नियमितपणे कार्यरत होता, तोही आपल्या ख्रिस्ती मंडळीतला नव्हे! मला प्रथम राग आला, मग हसू आले, आणि मग दोन्ही एकदमच येऊ लागले, तेव्हा परिचारिकेने सवयीने माझी नाडी धरली. मी तिला म्हटले, काही नाही, मुली, मला आत्ताच कळले की मी घरात दुसरा होतो. “वाईट वाटलं?” तिने विचारले. मी खरेच विचार केला. अडतीस वर्षे दुसरा कप प्यालो. तो कधी पातळ नव्हता, कधी अर्धा नव्हता, कधी फुटक्या कपात आला नाही. मला कधी संशयही आला नाही की हा दुसरा आहे. देवाला पहिला नंबर दिला म्हणजे आपल्या वाट्याचे कमी होते, या भीतीने मी सात परिच्छेदांचे कुंपण घालीत बसलो होतो, आणि माझ्याच घरात रोज सकाळी सात मिनिटांत, चपला घालून, हे काम बिनबोभाट उरकले जात होते. मी “नाही” असे उत्तर दिले. मग तिने माझी नाडी सोडली आणि माझ्याच घरात मला चहा करायला पाठवले. पहिला कप कोणाला द्यायचा, यावर क्षणभर पेच पडला. मिशीवाल्याने तो उचलून त्या भिजलेल्या मुलीच्या हातात दिला. म्हणाला, “आज हिचा नंबर.”

असो. एकूण परिस्थिती अशी आहे. नळ दुरुस्त झाला आहे. परिचारिकेची गादी गच्चीत तीन दिवस वाळून पूर्वपदावर आली आहे. मिशी उगवत असून दोन्ही बाजू एकाच वेगाने प्रगती करीत आहेत. घर नीटनेटके आहे आणि मी एकटा राहण्यास सर्वार्थाने सक्षम आहे. निकाल देताना वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. येताना जिना सांभाळून चढावा. कठडा भक्कम आहे.

आपला नम्र,
आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. १ — नळ दुरुस्त झाला आहे असे वर लिहिले, ते आपण काढत असलेल्या अर्थाने खरे नाही. तो कापडाने बांधला आहे. कारागीर उद्या येतो, असे तो गेला आठवडाभर सांगत आहे. मात्र मुख्य चावी कोठे आहे हे मी आता डोळे मिटून सांगू शकतो, आणि डोळे मिटल्यावर ती उघडायला व बंद करायलाही शिकलो आहे.

ता. क. २ — निकाल विरुद्ध गेल्यास मी कन्येकडे निमूट जाईन, अपील करणार नाही. चुकून मी हे घर चालवण्यास लायक नाही असे आपणास आढळले, तर ते बहुधा बरोबरच असेल. फक्त एक मुद्दा नजरेस आणतो. कन्येच्या इमारतीला पहारेकरी नाही. दारावर यंत्र आहे. ते बोटाचा ठसा घेते, चहा घेत नाही.

ता. क. ३ — आता खरी विनंती. मिशीवाल्याला खालच्या दहा-बारा पायऱ्या ऐकू येत. वरच्या बेचाळीस-चव्वेचाळीस पायऱ्यांवर ती काय म्हणत असे, हे या जगात कोणालाच ठाऊक नाही. आपण दोघी एकाच आईच्या मांडीवर प्रार्थना शिकलात. आपणास त्यातले काही आठवत असेल, तर कृपया लिहून पाठवावे. नमुन्यात नसले तरी चालेल. माझे नाव कितव्या पायरीवर असे, हे कळले तर बरे होईल. न कळले तरी हरकत नाही.

ता. क. ४ — हे पत्र पाकिटात घालीत असताना घड्याळात सहा चाळीस झाल्याचे लक्षात आले आणि मी कप घेऊन धावलो. घाईत नमुन्याचा कागद वरच राहिला. पहिल्या पायरीवर काहीच सुचेना, म्हणून तिचे नाव घेतले. दुसरीवरही सुचेना, म्हणून पुन्हा तिचेच. तिसरीवर कन्या आली, मग आपण, मग आपला उजवा गुडघा, आणि डावा रुसू नये म्हणून तोही. मग परिचारिका, तिची गादी, पाळकसाहेब, केस कापणारा, त्याचा वस्तरा, नळाचा कारागीर (त्याला उद्या नावाचा दिवस लवकर भेटो), आणि असे करता करता तळाशी पोचलो तेव्हा पायऱ्या संपल्या होत्या आणि माणसे उरली होती. ती मी खाली उभे राहूनच संपवली. विषय नव्हता. संदर्भ नव्हता. मिशीवाल्याने आमेन म्हटले. मीही म्हटले. दोघांचे एकदम पडले, त्यामुळे मुदतपूर्व कोणाचे, हा वाद निघू शकला नाही. त्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, “निवलाय, साहेब. पण साखर जमली आज.”

ता. क. ५ — तेव्हा ता. क. ३ मधील विनंती मागे घेत आहे. (घेत नाही. लिहून पाठवावे.) आपण एक तारखेला याल तेव्हा पहिला कप खाली जाईल, दुसरा आपला, आणि मी तिसरा. सात मिनिटांच्या ऐवजी दहा लागतील. मी दम धरीन.